बॅगमास्तरांनी काढलेला कपडा

त्यांना सगळे बॅगमास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध शिकण्यापुरता, आणि तोही बेताचाच. पण बॅगांच्या दुकानात काउंटरमागे सव्वीस वर्षं उभं राहून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बॅग भरायला शिकवलं होतं, त्यामुळे ही पदवी चिकटली ती चिकटलीच. स्वतः मास्तर उभ्या जन्मात एकदा विमानात बसलेले, तेही खिडकीपासून लांब. पण कुठल्या प्रवासाला किती कपडे न्यावेत हे त्यांना विचारून बघा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण काही उगाच झालेली नाही.

त्यांचा नियम साधा होता. बाकीच्या निदान तीन कपड्यांशी जुळेल तोच कपडा बॅगेत जाईल. तीन शर्ट, दोन पँटी, एक जाकीट. एवढ्यात माणूस चार दिवस रोज नवा दिसतो. जड कपडा अंगावर, हलका बॅगेत. मोजे बुटांत, पट्टा कडेनं, कॉलरीत रुमालाची गुंडाळी. हे सगळं ते बोलत बोलत करून दाखवत आणि बोलणं असं गुळगुळीत की गिऱ्हाईक मोठी बॅग घ्यायला यायचं आणि छोटी घेऊन, वर आभार मानून जायचं.

शनिवारी त्यांचा खास खेळ असे. गिऱ्हाइकानं आपल्या कपड्यांचा ढीग घेऊन यायचा, मास्तर तो काउंटरवर भरून देणार. भरता भरता ते एक कपडा गुपचूप काउंटरखाली सरकवत. बॅगेची चेन लावली की विचारत, "सांगा बघू, आत काय नाही?" गिऱ्हाईक डोकं खाजवायचं. सव्वीस वर्षांत बरोबर उत्तर देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग मास्तर तो कपडा वर काढत आणि म्हणत, "जे आठवत नाही, ते लागत नाही." लोक हसत. मास्तरांना स्वतःलाही हे वाक्य फार आवडे.

त्यांची बायको दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसे. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून तिला घरी आल्यावर बोलायचा कंटाळा असायचा आणि मास्तरांना दिवसभर बोलूनही थांबायचा. संसार ठीक चालला होता. तर या बायकोच्या धाकट्या बहिणीचा सहा वर्षांनी फोन आला. सहा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. धाकटी आता कायमची परदेशात, आपल्या मुलीकडे निघाली होती, पंधरा दिवसांनी. जोडून सुट्टी येत होती, शुक्रवार ते सोमवार. "येऊन जा, ताई," एवढंच ती म्हणाली. बायकोनं लगेच हो म्हटलं आणि मग बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिली.

तिकिटात दोघांना एकेक हातातली बॅग चालत होती. मास्तर म्हणाले, "दोन कशाला? दोघांत एक. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तू फक्त कपडे काढून ठेव, भरायचं माझ्यावर सोड."

"माझी मी घेते ना वेगळी," बायको म्हणाली.

"बॅगमास्तराची बायको दोन बॅगा घेऊन गेली तर लोक काय म्हणतील?"

लोकांना काय पडलेलं असतं! पण बायकोनं वाद घातला नाही. बुधवारी संध्याकाळी तिनं पलंगावर आपला ढीग रचून ठेवला आणि ती दुसऱ्या पाळीला निघून गेली. मास्तर बाह्या सरसावून बसले. तीन टॉप, दोन पँटी, लांब जाकीट, स्कार्फ. शाब्बास. बायको इतक्या वर्षांत काहीतरी शिकली म्हणायची. आणि ढिगाच्या तळाशी एक स्वेटर.

जाड लोकरीचा, विटकरी रंगाचा, घरी विणलेला. डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. खालच्या कडेला कसर लागलेली. मास्तरांना तो कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी तो ढिगातल्या एकेका कपड्याशेजारी धरून बघितला; एकाशीही जुळेना. बॅगेत घातला तर तिसरा हिस्सा जागा त्यानंच खाल्ली. फोनवर तिकडची हवा पाहिली, थंडीचं नाव नव्हतं. बायका भीतीपोटी काहीही भरतात, असं मनाशी म्हणून त्यांनी स्वेटर बाजूला काढला आणि बॅग बंद केली. परत आल्यावर विचारायचं ठरवलं, "सांग बघू, आत काय नव्हतं?" या विचारानं त्यांना गालातल्या गालात हसूही आलं.

इथवर झालं ते झालं. पण पुढे जे केलं ते फक्त बॅगांच्या दुकानातलाच माणूस करू जाणे. दुकानात मांडलेली बॅग रिकामी ठेवून चालत नाही. रिकामी बॅग मान टाकते आणि मान टाकलेली बॅग कुणी हातात घेत नाही. तिला पोट आणावं लागतं. त्यासाठी कागदाचे बोळे भरतात, पण कागद बसकण मारतो, म्हणून मास्तर घरचे जुने कपडे नेत. गुरुवारी मालक शोकेस बघायला येणार होते आणि लॅपटॉपच्या नव्या अरुंद बॅगा नुसत्याच लोंबत होत्या. मास्तरांनी निघताना तो स्वेटर पिशवीत घातला. दुकानात तो अख्खा काही त्या बॅगेत जाईना. मग त्यांनी पॅकिंगची मोठी कात्री घेतली आणि दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या. कापताना त्यांच्या लक्षात आलं की डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं तोकडी आहे. "काय एकेक विणतात," ते स्वतःशीच म्हणाले. बाह्या दोन लॅपटॉप-बॅगांत गेल्या, धड एका हातबॅगेत. शोकेस भरदार दिसू लागली. मालक खूश झाले.

शुक्रवारी सकाळी विमानात बायको म्हणाली, "धाकटीला मी सांगितलंय, तुझ्यासाठी एक वस्तू आणतेय."

"कुठली?"

"तिथे गेल्यावर सांगते. आत्ता नको."

मास्तरांनी पुढे विचारलं नाही. आपली बॅग डोक्यावरच्या कप्प्यात कशी अलगद बसली आणि शेजारच्याची कशी बसत नव्हती, हे बघण्यात ते गर्क होते.

धाकटीचं घर अर्धं रिकामं झालेलं होतं. भिंतींवर चित्रांचे चौकोनी डाग, कोपऱ्यात खोकी, दिवाणखान्यात दोन अवाढव्य सुटकेसी तोंड उघडून पडलेल्या. तिनं दार उघडलं, "आलात? या," म्हणाली आणि मागे सरून हाताची घडी घालून उभी राहिली. सहा वर्षांचं अंतर दोन पावलांत कापता येत नाही. बायकोनं पाणीसुद्धा घेतलं नाही. ती जमिनीवर बसली, बॅग उघडली आणि सरळ तळाशी हात घातला. मग एकेक कपडा बाहेर काढू लागली.

"काय शोधतेस?" धाकटीनं विचारलं.

"आईचा स्वेटर."

मग धाकटी म्हणाली, "तो तर तू आई गेल्यावर तिच्या इतर कपड्यांबरोबर देऊन टाकला होतास ना? मी एवढी एकच वस्तू मागितली होती, तेव्हा तूच सांगितलंस तसं."

"नव्हता दिला." बायको म्हणाली. "मलाही तोच हवा होता म्हणून खोटं बोलले. ट्रंकेत ठेवला होता. ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. आज तुला द्यायला आणलाय."

"मग दे."

बॅग रिकामी झाली होती. बायकोनं ती उलटी करून झटकली. धाकटीच्या चेहऱ्यावर आधी जे उजळलं होतं ते भराभर मावळत गेलं. "ताई," ती हळूच म्हणाली, "पुन्हा?"

खरं बोलायची वेळ होती ती हीच. ते त्यांना त्या क्षणीही कळत होतं, हे इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांच्या बाजूनं फार सारवासारव होईल. पण तोंड उघडलं आणि सव्वीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"अगं, तिची काही चूक नाही! तो मीच काढून ठेवला. जागा होईना म्हणून. घरी कपाटात आहे व्यवस्थित. मला काय माहीत एवढा महत्त्वाचा आहे ते. गेल्या गेल्या पाठवतो, दोन दिवसांत तुझ्या हातात पडेल."

"भाऊजी, खरंच आहे?"

"आहे म्हणजे काय! आहे तर."

धाकटीच्या हाताची घडी सुटली. तिनं बहिणीला उठवलं, आणि त्या दोघी तिथेच कपड्यांच्या पसाऱ्यात एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मग धाकटी डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही लगेच सांगितलंत म्हणून बरं. नाहीतर मी हिला जन्मभर माफ केलं नसतं." मास्तर हसले. त्या हसण्याची त्यांना पुढे कितीतरी दिवस किळस येत राहिली.

शनिवारी तर कहरच झाला. घरात बॅगमास्तर आले आहेत म्हटल्यावर सुटकेसी दुसरं कोण भरणार? मास्तर गुडघ्यांवर बसून भरत होते आणि दोघी बहिणी पलंगावर पाय पसरून बसून कपडे पुढे करत होत्या. दुसऱ्या सुटकेसीचा वरचा थर लागत आला तसं धाकटीनं बोट दाखवलं.

"इथे एवढी जागा ठेवा हं. इथे आईचा स्वेटर."

"एवढी?" मास्तरांनी हातानं दाखवलं.

"थोडी जास्त. जाड आहे तो."

"ठेवतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी एक टॉवेल काढून चौकोनी जागा मोकळी केली. कडा सरळ केल्या. हात आपलं काम चोख करत होते. त्यांना काय माहीत.

"आणि त्याची डावी बाही!" धाकटी एकदम हसत सुटली. "ताई, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? दोन बोटं तोकडी!"

मग ती गोष्ट मास्तरांना सांगण्यात आली. आईचा हात शेवटी शेवटी थरथरायला लागला होता. उजवी बाही तिनं कशीबशी संपवली आणि सुया धाकटीच्या हातात दिल्या. धाकटीला विणायचं धड येत नव्हतं. आई शेजारी बसून टाके मोजायची, धाकटी विणायची, दोघींचं मोजणं चुकायचं. बाही झाली ती तोकडी. आई म्हणाली, उसवू नकोस, माझा डावा हात तसाही आखडलाय. तो स्वेटर घालून ती मुद्दाम डावा हात लोकांना दाखवायची. "ही माझ्या धाकटीनं केली."

दोघी हसून हसून लोळत होत्या. मास्तरही हसले, न हसून करतात काय? पण कात्रीखाली ती बाही धरून आपण काय म्हणालो होतो ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पाणी प्यायला म्हणून उठले. स्वयंपाकघरात नळ सोडून नुसतेच उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती, आणि ती कापल्याची कमी, खोटं पचल्याची जास्त होती. दिवाणखान्यात सहा वर्षांचं वैर विरघळत होतं, आणि ते विरघळत होतं त्यांच्या थापेवर.

रविवारी सकाळी त्यांनी जिन्यात जाऊन दुकानात फोन लावला. काउंटरवरच्या जोडीदारानं उचलला.

"त्या लॅपटॉप-बॅगांत विटकरी लोकर भरली होती बघ. आहे का?"

"एक बॅग काल गेली, मास्तर. पण लोकर मी काढून घेतली. झकास निघाली हो! ती छोटी बाही आहे ना, हातमोज्यासारखी बसते हातात. शोकेसची काच काय लखलखीत पुसली जाते म्हणून सांगू!"

"पुसू नकोस."

"का?"

"पुसू नकोस म्हणतोय ना! तिन्ही तुकडे गोळा कर आणि पिशवीत घालून माझ्या खणात ठेव. धुऊ नकोस, झटकू नकोस, काही म्हणता काही करू नकोस."

"चोरीचा माल आहे की काय?" जोडीदार खो खो हसला. मास्तरांना नाही म्हणता आलं नाही.

मग त्यांचं डोकं पळवाटा शोधू लागलं. रफू करणारा गाठायचा. बाह्या जोडून घ्यायच्या. कसर लागली होती म्हणून दुरुस्त करून पाठवला म्हणायचं. कुरियरवाल्यानं खराब केला म्हणायचं. पंधरा दिवसांनी ती जाणारच आहे, उशीर झाला म्हणायचं आणि मग पुढच्या वेळी, पुढच्या वेळी. प्रत्येक पळवाटेच्या तोंडाशी ते जाऊन येत आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना धाकटी टाके मोजताना दिसे. ज्या हातांनी ती बाही विणली त्यांना नवा जोड सापडणार नाही? सव्वीस वर्षं लोकांना गंडवलं नव्हतं त्यांनी; नुसतं बोलण्यात गुंगवलं होतं. त्या दोहोंत फरक आहे असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

सोमवारी सकाळी चहा पिताना धाकटी म्हणाली, "भाऊजी, मी विमानात तोच घालून जाणार आहे. जड कपडा अंगावर, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"तो कपाटात नाही," ते म्हणाले. "मी तो दुकानात नेला. बॅगेत भरायला. अख्खा मावेना म्हणून बाह्या कापल्या. शुक्रवारी मी खोटं बोललो."

एवढंच. पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्याला काही तेल-पाणी नव्हतं.

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. धाकटीनं विचारलं, "डावी बाही?"

"आहे. तिन्ही तुकडे आहेत. तिच्यानं... दुकानाची काच पुसली गेली. मी नाही पुसली, पण पुसली गेली."

"तुकडे पाठवा," धाकटी म्हणाली. "आहेत तसे. जोडत बसू नका." तिनं आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "कापलात ते न कळून कापलात, भाऊजी. त्याचा राग येईल आणि जाईल. पण शनिवारी मी जागा ठेवा म्हटलं, आणि तुम्ही किती म्हणून हातानं मापून घेतलीत."

मास्तरांनी मान खाली घातली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते त्यांना त्या दिवशी अक्षरशः वाटलं. पण धरणी कुठली घेते? तिला काय तीच कामं आहेत?

निघायची वेळ झाली तशी बायको उठली. "मला एक पिशवी देशील?" तिनं बहिणीला विचारलं. धाकटीनं खोक्यातून एक कापडी पिशवी काढून दिली. बायकोनं बॅगेतून आपले टॉप, पँटी, जाकीट, सगळं उपसलं आणि घडी न घालता पिशवीत कोंबू लागली. मास्तर सवयीनं पुढे झाले, जाकिटाची बाही आत घ्यायला त्यांनी हात लांबवला.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझं मी भरते."

दारात दोघी बहिणींनी एकमेकींना घट्ट धरलं. धाकटीनं बहिणीच्या कानात काहीतरी सांगितलं, दोघींनी माना हलवल्या. मास्तर बॅग घेऊन लिफ्टपाशी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांची जायची हिंमत नव्हती.

विमानतळावर काउंटरच्या मुलीनं तिकिटं पाहिली आणि मान वर न करताच, रोजच्या सुरात विचारलं, "सामान स्वतःच भरलंय ना?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"आणि तुम्ही?"

बायकोनं फुगलेली, वेडीवाकडी पिशवी उचलून काउंटरवर ठेवली.

"ही मीच भरली आहे," ती म्हणाली. "येतानाची नव्हती भरली."